लायब्ररी शंतनूच्या नावावर

कॅरी, ९ सप्टेंबर २००२

आजपासून लिहायचं ठरवलं. बोलायला कोणी नाही, आणि भिंतींशी बोलायला लागले तर शंतनू मला डॉक्टरकडे नेईल. लग्न करून इथे अमेरिकेत येऊन वर्ष होत आलं. एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट. राहा, खा, गाडी चालव, मॉलमध्ये हिंड, पण नोकरी करायची नाही. पुण्यात आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो आणि माझा पगार त्याच्याहून जास्त होता. हे मी कोणाला सांगत नाही आणि विसरतही नाही.

तर झालं असं. शंतनूकडे त्याच्या कंपनीचे आणि आणखी काही असे शेअर आहेत. रोज ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी वेबसाइटवर एकेक भाव बघतो, एक्सेलमध्ये हाताने टाइप करतो आणि कपाळाला हात लावतो. बाजार आपटलाय हे मला बघवत होतं, ते टाइप करणं बघवेना. मी म्हटलं, "अरे, इंजिनियर ना तू? कारकुनी काय करत बसलास?" आणि दुपारी बसून एक प्रोग्रॅम लिहून टाकला. तो साइटवर जातो, भाव उचलतो, हातात आणून देतो. मग बाबांची आठवण झाली. सांगलीत बसून ते मुंबईच्या बाजारात शेअर घेतात, म्हणून मुंबईचे भावही घातले. मग वाटलं, कोणाही प्रोग्रामरला वापरता येईल असं नीटच लिहू या. जेवायचं राहिलं हे चहाच्या वेळी लक्षात आलं. किती दिवसांनी अशी भूक विसरले!

आईला फोनवर सांगितलं, "तयार इडलीचं पीठ मिळतं ना, तसं आहे हे. भाव आणायची कटकट मी केली, बाकीच्यांनी नुसत्या इडल्या लावायच्या. याला लायब्ररी म्हणतात."

"मग विकणार का?"

"नाही, फुकट."

"अगंबाई, मग एवढी तडफड कशाला?"

आईपुढे कोण बोलणार.

१५ सप्टेंबर २००२

आज इथल्या मराठी मंडळाचा गणपती. बटाटावड्याच्या रांगेत मी शंतनूच्या मित्रांना उत्साहाने सांगत होते की लायब्ररी झाली, नाव 'भाव' ठेवलंय, आता इंटरनेटवर टाकणार. तेवढ्यात मागून त्र्यंबककाका म्हणाले, "कोणाच्या नावाने?" काका इथे तीस वर्षं आहेत. विमानतळावरून कोणाला आणण्यापासून ग्रीन कार्डाच्या सल्ल्यापर्यंत सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा.

"माझ्याच की," मी म्हटलं.

"वेडी का काय! एच-फोरवर काम म्हणजे काम. फुकट केलंस तरी कामच. इमिग्रेशनवाले नावानिशी शोधून काढतात. उगाच नवऱ्याचा व्हिसा गोत्यात आणशील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्या तरी मेहुणीचं कॅलिफोर्नियात असंच झालं होतं म्हणे. काय झालं होतं हे कोणालाच धड सांगता येईना, पण झालं होतं खरं. मीही घाबरले. घरी येऊन लायब्ररी शंतनूच्या नावाने टाकली. तो म्हणाला, "यार, मला कसंसंच वाटतंय." मी म्हटलं, "त्यात काय? घरातल्या घरात आहे."

२ डिसेंबर २००२

दिवसभर मी शंतनू असते. जगभरातून मेल येतात, "हाय शंतनू, थँक यू शंतनू." मी शंतनू होऊन उत्तरं देते. गेल्या आठवड्यात त्या भाववाल्या साइटने पानाची रचना बदलली आणि लायब्ररी आडवी झाली. कोणा जर्मन बाईने तक्रार केली, मी स्वयंपाक अर्धा टाकून दुरुस्त केलं. तिने लिहिलं, "तुझ्यासारखा तत्पर माणूस पाहिला नाही." शंतनूला वाचून दाखवलं तर तो जोरजोरात हसला. "मी एवढा तत्पर? माझ्या बॉसला दाखव!" मग मला जवळ घेऊन म्हणाला, "हुशार आहे बुवा माझी बायको." आज मला फार बरं वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू.

१९ फेब्रुवारी २००३

शंतनूची नोकरी गेली. अख्खी टीमच काढली. खोक्यात कप आणि गणपती घेऊन घरी आला आणि जॅकेटसकट बसून राहिला. नोकरी गेली की त्याचा एच-वन व्हिसा गेला, म्हणजे माझाही. किती दिवस राहता येतं हे कोणालाच माहीत नाही. एक म्हणतो दहा, एक म्हणतो महिना, त्र्यंबककाका म्हणतात वकिलाला विचारूही नका, तो घाबरवेल. घराचा लीज आहे, गाडीचं कर्ज आहे. सामान बांधून सांगलीला गेलो तर दारात उभं राहून काय सांगणार?

२४ फेब्रुवारी २००३

देव आहे! 'भाव'च्या पत्त्यावर एक मेल आला, मराठीत, रोमन लिपीत. रेखाताई म्हणून आहेत, वीस वर्षं इथे, रिसर्च ट्रँगल पार्कात स्वतःची छोटी कंपनी. इथल्या भारतीयांचे इकडचे-तिकडचे शेअर एकत्र करून रोज एक पान हिशेब पाठवतात. 'भाव' त्या वापरतातच. म्हणे, "शंतनू, तुझ्यासारखा मुलगा जवळच राहतो हे माहीत नव्हतं. नोकरी गेल्याचं मंडळात कळलं, भेटायला ये. एच-वन मी करीन."

शंतनू म्हणाला, "पण हे तर तुझं आहे."

मी म्हटलं, "डोंबल माझं! नाव तुझं आहे ना? मग जा."

२७ फेब्रुवारी २००३

तीन दुपारी त्याची तयारी करून घेतली. मी रेखाताई झाले आणि प्रश्न विचारले. "शेअरचे दोन तुकडे होतात तेव्हा जुने भाव कसे जुळवतोस?" तो चाचरला. मी पुन्हा समजावलं. हळूहळू पाठ झालं, मग हातवारे करून असा सांगू लागला की मलाच वाटलं, यानेच लिहिलं की काय.

एक क्षण मनात आलं, हा माझ्या जागी जाणार आणि मी पोळ्या लाटणार. मग स्वतःला झापलं. नोकरी त्याला मिळाली तरच मी इथे राहीन. संसारात तुझं-माझं करायचं नसतं, असं आई म्हणते. बघू.

४ मार्च २००३

मिळाली! शिरा केला.

१२ जून २००३

आमचं छान बसलंय. तो सकाळी जातो, रेखाताई सांगतात ते काम रात्री घरी येतं, मी दुसऱ्या दिवशी दुपारी करते, तो परवा नेतो. रेखाताई त्याच्यावर खूश आहेत. एकदाच त्याला म्हणाल्या म्हणे, "तुला ऑफिसात सुचत नाही ते घरी कसं सुचतं रे?" तो म्हणाला, "घरी शांतता असते." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मंडळाच्या पिकनिकला कोणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्ही दिवसभर काय करता? कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, "टीव्ही बघते." शंतनू शेजारीच होता. कणीस सोलत राहिला. बोलणार तरी काय, काकांनीच सांगितलंय ना.

२७ ऑक्टोबर २००३

आज केवढा गोंधळ! आणि चूक माझी.

लक्ष्मीपूजनाला मुंबईचा बाजार बंद असतो, पण संध्याकाळी तासभर मुहूर्ताच्या खरेदीपुरता उघडतो. हे अमेरिकन प्रोग्रामरला कुठून माहीत? मी मोठ्या ऐटीत ती सोय 'भाव'मध्ये केली होती. लक्ष्मीपूजन असेल तर सुट्टी धरू नकोस, भाव आण. पण त्याच्या वर एक ओळ होती, शनिवार-रविवारचं सगळं टाकून दे म्हणणारी. यंदा लक्ष्मीपूजन आलं शनिवारी! तेव्हा लक्ष्मी दारातूनच परत. आज सकाळी रेखाताईंच्या ग्राहकांच्या हिशेबात मुहूर्ताच्या खरेदीपुढे भोपळा. एक मोटेलवाले पटेल तर फोनवर ओरडले म्हणे, "लक्ष्मीना दिवसे झीरो!"

मी फराळाचे डबे भरत होते. शंतनूचा फोन, पार्किंग लॉटमधून. "आता काय करू?" म्हणाला. मी म्हटलं, "अरे सोपं आहे. शनिवार-रविवारवाली ओळ मुहूर्ताच्या ओळीखाली ने."

"कुठली ओळ?"

"पहिली रे! उघडल्या उघडल्या दिसते ती!"

"वल्ली, मला दिसत नाहीये, मी गाडीपाशी उभा आहे."

मी ओळ न् ओळ पाठ म्हणून दाखवली. मध्येच दुसराच आवाज आला. "कोण, वल्लरी का? मी रेखा. मला सांग." त्या मागून आल्या होत्या वाटतं. त्यांना सांगितलं, त्यांना पटकन कळलं. मग म्हणाल्या, "हे तू लिहिलंस का गं?"

मी म्हटलं, "छे छे! शंतनूनेच. मी नुसतं अधूनमधून बघते."

त्या हसल्या. "बरं, बरं. फराळ पाठव." किती साध्या आहेत! मालकीणपणाचा तोरा नाही.

६ नोव्हेंबर २००३

शंतनूचं काय बिनसलंय कळत नाही. दिवाळीपासून गप्प. पण वाईट वागत नाही, उलट लाडच चाललेत. पाडव्याची ओवाळणी राहिली होती म्हणून काल मोत्याचे कानातले आणले. म्हणाला, "तू फार दमतेस. आता मूल होऊ द्यायचं का, विचार कर." मी म्हटलं, "व्हिसाचं स्थिर होऊ दे, मग बघू." तो म्हणाला, "तेच तेच काय व्हिसा!"

'भाव'च्या मेलचा पासवर्डही बदललाय त्याने. कंपनीचा नियम आहे म्हणे. "मेल मी बघतो, तू फक्त कोड लिही, तेवढाच तुझा ताप कमी." जर्मन बाईशी बोलणं आता तो करणार. मला जरा लागलं. पण माझ्यावर किती भार टाकलाय हे दिवाळीच्या गोंधळात त्याला दिसलं असणार, म्हणून करतोय बिचारा. काम मात्र कमी झालेलं नाही. रेखाताई हल्ली दुप्पट देतात.

१८ जानेवारी २००४

साडीही न बदलता लिहायला बसले.

रेखाताईंकडे हळदीकुंकू होतं. फक्त बायका. तिळगूळ, वाण, उखाणे, सगळं रीतसर. माझी ओटी भरताना ताईंनी सगळ्यांना दिला त्यापेक्षा मोठा नारळ घेतला, तांदूळ ओंजळभर घातले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण करू तुझ्याकडे. ट्रीटमेंट कशी चाललीय?"

"कसली ट्रीटमेंट, ताई?"

"अगं, माझ्यापासून काय लपवतेस? शंतनूने सांगितलंय सगळं. दिवाळीनंतर मी त्याला म्हटलं होतं, वल्लरी एवढी हुशार आहे, तिचाही एच-वन करते, दोघं या ऑफिसात. यंदा कोटा कमी केलाय, लवकर अर्ज टाकू. तर तो म्हणाला, तिची ट्रीटमेंट चालू आहे, डॉक्टरांनी ताण नको म्हटलंय, आणि तिलाच नोकरी नकोय. मला वाईट वाटलं. पण आधी मूल, बरोबर आहे तुझं."

पदरात नारळ आणि मी उभी. शेजारी मंडळातली नंदा हातात अत्तरदाणी घेऊन ऐकत होती. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "हो ताई. चाललंय." त्याची लाज झाकली. माझ्या तोंडून आपोआप निघालं ते. येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि रडले. मूल होत नाही असं तो माझ्याबद्दल ताईंजवळ बोलला, त्यापेक्षाही 'तिलाच नोकरी नकोय' हे मला जास्त झोंबलं.

२० जानेवारी २००४

दोन दिवस गिळून बसले होते. आज तो जेवायला बसला आणि मी विचारलं.

आधी म्हणाला, "तुझ्या भल्यासाठी." मग म्हणाला, "ताईंचा गैरसमज झाला." मग आमटीत बघत राहिला.

"खरं बोल शंतनू. नाहीतर ताट उचल आणि बाहेर जाऊन जेव."

"मग ऐक. तू त्या ऑफिसात आलीस तर पहिल्या दिवशी सगळ्यांना कळेल. मग मी कोण? बायकोचा निरोप्या?" त्याचे डोळे भरले. "रोज सकाळी मी तिथे जातो तेव्हा गाडीतच दहा मिनिटं बसून राहतो, वल्ली. कोणी काही विचारू नये म्हणून देवाला हात जोडतो."

मला त्याची दया आली, याचाच मला राग आला. मी म्हटलं, "मी उद्या ताईंना सांगते."

तेव्हा त्याचा आवाज बदलला. "सांग की. मला काढतील. मग दोघंही विमानात. तू इथे माझ्या नोकरीवर उभी आहेस, विसरलीस?"

असं तो बोलला. नंतर पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाला, "मी स्वतः ताईंशी बोलतो, तुझा अर्ज टाकायला लावतो, मला थोडा वेळ दे." मी दिला. आठ वर्षं ओळखते त्याला, कॉलेजपासून. दुसरं काय करणार होते?

१८ फेब्रुवारी २००४

काल जाहीर झालं. यंदाचा एच-वनचा कोटा संपला.

त्याला विचारलं, "बोलला होतास?"

"संधीच मिळाली नाही गं."

संधी! रोज त्यांच्या शेजारच्या टेबलावर जेवतो हा. दुपारचं काम मी आज केलं नाही.

१९ फेब्रुवारी २००४

शंतनू ग्राहकाकडे गेला होता ते बघून मी सरळ रेखाताईंच्या ऑफिसात गेले. नोकरी जायची तर जाऊ दे म्हटलं. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ताई, 'भाव' मी लिहिलंय. पहिल्या ओळीपासून. ट्रीटमेंट वगैरे काही नाही. आणि नोकरी मला हवी होती."

मला वाटलं होतं, त्या उठतील, ओरडतील, निदान चष्मा तरी काढतील. त्यांनी दार लावलं आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"मला माहीत आहे गं. दिवाळीत त्या फोनवरच कळलं."

"मग मला का नाही विचारलंत?"

"नवऱ्याने नको म्हटल्यावर नवराबायकोच्या मध्ये मी कशाला पडू?" मग अगदी प्रेमाने म्हणाल्या, "आणि काम तर होतच होतं."

काम तर होतच होतं! एका पगारात दोन माणसं, एकाच्या व्हिसाच्या खर्चात. तेव्हा मला दुप्पट कामाचा अर्थ लागला. मी मूर्खासारखी त्यांना चकल्या पाठवत होते.

मी म्हटलं, "निदान लायब्ररीवर माझं नाव घाला."

"आत्ता नको. एच-फोरवरच्या बाईकडून काम करून घेतलं म्हणून माझ्याच गळ्याशी येईल. एप्रिलमध्ये नवे अर्ज घेतात, तेव्हा बघू. तोपर्यंत आहे तसं चालू दे. शंतनूला मी काही बोलणार नाही, तू काळजी करू नकोस."

त्याची काळजी मी करू नये म्हणे. दारापर्यंत सोडायला आल्या, पाठीवर हात फिरवला. त्यांच्याबद्दल साध्या आहेत असं मी याच वहीत लिहिलंय. घरी येऊन ते पान बघितलं आणि माझंच मला हसू आलं.

२१ फेब्रुवारी २००४

आज शनिवार. शंतनू सकाळपासून प्रसन्न. स्वतः चहा केला, आलं घालून. ताई त्याच्याशी बोलल्या असणार, सगळं मिटलं असं त्याला वाटतंय. मग लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला.

"ताई म्हणाल्या, लंडनच्या बाजाराचे भाव पण जोडायचे. बऱ्याच जणांचे नातेवाईक तिकडे आहेत. सोमवारपर्यंत हवंय. तुला दोन दुपारचं काम आहे."

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे? दोन दुपारांत नाही होणार?"

"मी करणार नाही. तू कर."

तो हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. "वल्ली, मस्करी नको. सोमवारी नाही दिलं तर काय होईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नोकरी जाईल, तुझा व्हिसा जाईल, माझाही जाईल. जाऊ दे. पुण्यात मला नोकरी करायला नवऱ्याची नोकरी लागत नव्हती."

"तू माझ्याशी असं वागशील?"

याचं उत्तर मला देता आलं असतं, शेलक्या शब्दांत. दिलं नाही. नुसतं म्हटलं, "तुझं नाव आहे त्याच्यावर. बस आणि लिही."

तो बसला. बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मी कुकर लावला, कपड्यांच्या घड्या घातल्या, परत आले तरी तो तसाच. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"आधी कुठली फाईल उघडू?"